लोकर निवडताना रंग शेवटी बघा

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंना यंदाच्या थंडीआधी घरातल्या तिघांसाठी कपडे विणायचे आहेत. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार आहे, बाळ मार्गशीर्षात होईल, त्याच्यासाठी अंगडं, टोपडं आणि मोजे. यजमान रब्बीला रात्री पाणी भरायला शेतात जातात, त्यांच्यासाठी स्वेटर. मुलगा पुण्यात होस्टेलवर आहे, त्याला वेण्यांचा, म्हणजे केबलचा स्वेटर हवाय. त्याचा पॅटर्न अमेरिकन आहे आणि त्यात 'वर्स्टेड' लोकर नि ८ नंबरच्या सुया असं लिहिलंय. ताई विचारतात, "दुकानदार म्हणतो, सगळी लोकर एकच, फक्त रंग निवडा. ते खरं का? आपल्याकडे एवढा कापूस पिकतो, मग सुती धागाच घेऊ का? आणि आठवडे बाजारातून एक किलो गुलाबी मऊ लोकर आणून ठेवलीय, तिच्यावर लेबल नाही. ती कशाला वापरू?"

ताई, सगळी लोकर एक नसते. तिघांच्या कपड्यांना तीन वेगळे धागे लागतील, कारण ते घालणाऱ्या तिघांचे दिवस वेगळे आहेत. एक शेगडीजवळ झोपणार, एक चिखलात आणि दवात उभा राहणार, एकाचे कपडे मशीनमध्ये फिरणार. आपण दुकानात गेलो की आधी रंग बघतो, मग गालाला लावून मऊपणा बघतो आणि पैसे देतो. मी शिकवायला बसते तेव्हा पहिल्या दिवशी हा क्रम उलटा करायला लावते. कोण घालणार, कुठे घालणार, कोण धुणार हे आधी ठरवायचं. त्यावरून धागा कशाचा हवा ते ठरतं. मग जाडी, मग पीळ आणि सगळ्यात शेवटी रंग.

आपल्याकडच्या दुकानांत 'लोकर' किंवा 'वूल' म्हणून जे मिळतं, त्यातलं बहुतेक ॲक्रिलिक असतं. मेंढीशी त्याचा संबंध नसतो. 'बेबी वूल' लिहिलेला गुंडा उलटून त्यावरची बारीक अक्षरं वाचा, बहुतेक वेळा १०० टक्के ॲक्रिलिक असंच असेल. ॲक्रिलिक वाईट मुळीच नाही. ते स्वस्त आहे, हलकं आहे, त्याला कसर लागत नाही, ते लवकर वाळतं, रंग छान धरतं. शिकणाऱ्या मुलींच्या हातात मी तेच देते. पण त्याचे दोन गुण नीट माहीत हवेत. एक, ते पाणी जवळजवळ शोषत नाही, त्यामुळे घाम आतच राहतो. दुसरा गुण जास्त महत्त्वाचा आहे. ते उष्णतेला नरम पडतं, आणि आगीजवळ गेलं तर वितळून चिकटतं.

म्हणून बाळापासून सुरुवात करू, कारण तिथे चूक परवडत नाही.

आपल्या घरांत बाळंतिणीला आणि बाळाला शेक असतो. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, बाळंतशोपा. धुरी तान्ह्या बाळाच्या छातीला चांगली नाही असं डॉक्टर सांगतात आणि ते ऐकावं, पण खोलीत शेगडी ठेवणं आपल्याकडे अजून चालू आहे. अशा खोलीत बाळाच्या अंगावर ॲक्रिलिकचं अंगडं मला नको वाटतं. ठिणगी उडाली तर ॲक्रिलिक वितळतं आणि तो गरम थेंब कातडीला चिकटून बसतो. सूत पेट घेतं, ते विसरून चालणार नाही, पण ते वितळून चिकटत नाही. मेंढीची लोकर तर सहज पेटतच नाही. ज्योत लावली तर जळते, ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते. बाळ शेगडीपासून लांब ठेवायचंच, कपडा कशाचाही असो. तरीही निवड करता येत असेल तर तान्ह्यासाठी सूत किंवा बारीक मेरिनो लोकर घ्यावी.

मेरिनोच का, ते सांगते. लोकर टोचते ती धाग्यातल्या केसांच्या जाडीमुळे. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड केस असतील तर त्यांची टोकं कातडीला खुपतात. मेरिनो मेंढीचा केस २० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणून तो वाकतो, खुपत नाही. लेबलवर 'सुपरवॉश' लिहिलं असेल तर फारच छान. साध्या लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं तिन्ही एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून नमद्यासारखा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीसारखा होतो. सुपरवॉशमध्ये त्या खवल्यांवर प्रक्रिया केलेली असते. बाळाचे कपडे रोज धुतले जातात आणि दर वेळी तुम्हीच धुणार असं नाही. धुणाऱ्या बाईला दर वेळी सूचना देत बसायला लागू नये असा धागा घ्या.

आता हवामान बघा. मार्गशीर्षात आपल्याकडे पहाटे कडाक्याची थंडी आणि दुपारी अंगणात ऊन, पारा कधी तिशीपर्यंत जातो. म्हणून डोक्यातून घालायचा स्वेटर नको, समोरून उघडणारं अंगडं विणा, म्हणजे दुपारी बाळाला न उठवता काढता येतं. दुसरं, लोकरीचं माप नवजात ते दोन महिन्यांचंच ठेवा. "मोठं विणू, पुढे होईल" असं सगळ्याच म्हणतात. पण मार्गशीर्षातलं बाळ तीन महिन्यांचं होतं तेव्हा फाल्गुन असतो, होळी जवळ आलेली असते आणि जळगाव-भुसावळकडे लोक उन्हाची चर्चा करत असतात. तीन ते सहा महिन्यांच्या मापाचं लोकरीचं अंगडं तुमच्या नातवंडाच्या अंगाला लागणारच नाही. त्या मापाचं काही विणायचं असेल तर ते सुती विणा, जाळीदार, बिनबाह्यांचं.

जाडी फोर प्लाय, म्हणजे बारीक धाग्याची घ्या, सुया १० नंबरच्या, म्हणजे ३.२५ मिमी. या जोडीत १० सेंमीत साधारण २८ टाके बसतात. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर ३५ सेंमीच्या जवळपास असतो आणि टोपडं त्याहून दोन-तीन सेंमी कमी घेराचं असावं, तर ते धरून राहतं. दोन सुलट दोन उलट अशा विणीत ९० टाके घाला. टोपडं सुती असेल तर हीच वीण वापरा, साधी नको, कारण सूत ताणलं की परत आखडत नाही, दोन दिवसांत टोपडं डोळ्यांवर उतरतं. झोपवताना घरात टोपडं काढून ठेवा.

मोहेर (बकरीच्या केसांचा), अंगोरा (सशाच्या केसांचा) किंवा लव असलेला कुठलाही फुगीर धागा बाळासाठी नको, त्याचे तंतू नाकातोंडात जातात. मोज्यांच्या आतल्या बाजूला सुटा धागा राहू देऊ नका. तो बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते कोणाला कळत नाही. दोन रंगांची नक्षी केली की आत धागे लोंबतात, म्हणून मोजे एकरंगीच ठेवा. अंगड्याची नाडी गळ्याशी न घेता कुशीला घ्या, तीही आखूड. गडद लाल किंवा काळा सुती धागा घ्यायचा झाला तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, कारण बाळ बाही चोखणारच.

तुमचा कापसाचा प्रश्न इथेच घेते, कारण तो मला मनापासून आवडला. पांढऱ्या सोन्याच्या मुलखात राहून आपण गुंडे बाहेरून मागवतो हे मलाही टोचतं. पण शेतातल्या कापसापासून विणकामाच्या धाग्यापर्यंत बरंच अंतर आहे. गिरणीत निघणारं सूत बहुतेक मागासाठी किंवा बनियनच्या कपड्यासाठी असतं. बारीक, कडक पिळाचं, कोनवर गुंडाळलेलं. अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये सूत निघायचं तेही कापडासाठी. हाताने विणायच्या सुताला सैल पीळ आणि बरेच पदर लागतात, नाहीतर कपडा हाताला दोरीसारखा लागतो. तसं सूत आता गुंड्यांमध्ये मिळतं, आणि उन्हाळी टॉप, बाळाची झबली, टेबलावरचे रुमाल, पिशव्या, हातपुसणी यांना त्याच्यासारखा धागा नाही. ते घाम शोषतं, ओलं झाल्यावर उलट जास्त मजबूत होतं, उकळत्या पाण्यात घातलं तरी चालतं. चकचकीत मर्सराइज्ड सूत कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून बनवतात. त्याला झळाळी असते आणि क्रोशाच्या नक्षीला ते फार खुलतं, पण बाळाला साधं, न चकाकणारं, मऊ सूत बरं.

स्वेटरला मात्र सूत निवडताना विचार करा. त्याला लवचीकपणा नाही. बॉर्डर सैल पडते, बाह्या लांबतात, आणि ते वजनाला जड असल्याने कपडा आपल्याच भाराने खाली ओढला जातो. ओलं झालं की थंड पडतं आणि वाळायला वेळ घेतं. म्हणजे दाजींना सुती स्वेटर घालून पाणी भरायला पाठवणं म्हणजे त्यांना ओल्या फडक्यात गुंडाळणं झालं.

दाजींच्या स्वेटरबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण शेतावरच्या माणसासाठी विणताना लोक फार थोडा विचार करतात. घरात जुनी उरलेली लोकर असते, ती जोडून "शेतात घालायला चालेल" म्हणून काहीतरी विणलं जातं. खरं तर घरात सगळ्यात जास्त थंडी त्या माणसाला लागते. थ्री फेज विजेची पाळी रात्रीची आली की पौषातल्या मध्यरात्री गव्हाच्या वाफ्यात पाय बुडवून उभं राहायचं, बारं मोडायचं, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं, पहाटे दव पडतं ते अंगावर घ्यायचं. अशा वेळी मेंढीच्या लोकरीला तोड नाही. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि दमट झाली तरी ऊब टिकवते. तिच्या केसाला नैसर्गिक कुरळेपणा असतो, त्यात हवा अडकते आणि ऊब त्या हवेची असते. शिवाय विहिरीजवळ शेकोटी पेटवलेली असते. ॲक्रिलिकच्या स्वेटरला शेकोटीच्या ठिणग्यांनी भोकं पडलेली मी शेतकऱ्यांच्या अंगावर कितीतरी पाहिली आहेत. लोकरीवर ठिणगी पडली तर बहुधा काळा डाग पडून विझते.

शंभर टक्के लोकर महाग पडत असेल किंवा तालुक्याला मिळत नसेल तर लोकर-ॲक्रिलिक मिश्रण घ्या, पण त्यात लोकर निम्मी तरी असावी. २० टक्के लोकर असलेला गुंडा 'वूल ब्लेंड' म्हणून विकतात, त्यात ऊब ॲक्रिलिकइतकीच समजा. ऑनलाइन मागवताना फोटोवर जाऊ नका, टक्केवारी आणि मीटर लिहिले नसतील तर तो गुंडा सोडून द्या.

जाडी डबल निटिंग, ज्याला डीके म्हणतात ती. त्यावर सहसा ८ नंबरच्या सुया सांगतात, ४ मिमीच्या. दाजींसाठी तुम्ही ९ नंबरच्या, ३.७५ मिमीच्या घ्या. वीण थोडी घट्ट बसली की वारा आत शिरत नाही. धागा गुळगुळीत आणि नीट पिळाचा हवा. फुगीर, केसाळ लोकर हाताला कितीही छान लागली तरी शेतात तिला कुसळं आणि गोखरू चिकटतात आणि ती काढताना स्वेटर फाटतो. जाळीची नक्षी नको, लांब सुटे धागे असलेली रंगीत नक्षी नको, बांधावरच्या पऱ्हाट्यांत ते अडकतात. बाह्यांची बॉर्डर मनगटाला घट्ट बसणारी करा. मोटारीच्या किंवा इंजिनाच्या पट्ट्याजवळ सैल बाही धोक्याची असते, आणि त्याच कारणाने मफलरऐवजी कानटोपी विणा. मफलरचं टोक पट्ट्यात गेलं तर काय होतं ते कोणाला सांगायला नको.

एक गोष्ट धुळ्याकडच्या बायका मला नेहमी विचारतात. साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांकडे लोकर असते, ती कातून विणता येईल का? ती दख्खनी मेंढीची लोकर. केस जाड, राठ, बराचसा काळा. घोंगडीला ती उत्तम आहे, पावसात घोंगडी अंगावर घेतली तर पाणी सहजासहजी आत येत नाही ते याच राठ केसांमुळे. अंगाला लागेल असा स्वेटर मात्र तिचा होत नाही. सदऱ्यावरून घालायचं जाड, बिनबाह्यांचं जाकीट कोणी विणलं तर ते वर्षानुवर्षं टिकेल. मला स्वतःला तो धागा फार आवडतो आणि त्याचं काहीतरी अधिक व्हायला हवं असं वाटतं, पण दाजींच्या मानेशी तो नको.

आता मुलाचा केबलचा स्वेटर. इथे गोंधळ नंबरांचा आहे, आणि त्यात अनेकजणी अडकतात. आपल्याकडच्या सुया जुन्या ब्रिटिश मापाच्या. नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. १२ नंबर म्हणजे २.७५ मिमी, १० म्हणजे ३.२५, ८ म्हणजे ४ आणि ६ म्हणजे ५ मिमी. अमेरिकन माप बरोबर उलटं चालतं, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची ८ नंबरची सुई ५ मिमीची. म्हणजे तुमच्या पॅटर्नला आपल्या ६ नंबरच्या सुया लागतील. तुम्ही आपल्या ८ नंबरच्या सुया घेऊन बसलात तर सगळी मेहनत होऊन स्वेटर आखूड आणि तंग होईल. यापुढे कुठलाही पॅटर्न हातात आला की नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

वर्स्टेड ही अमेरिकन जाडी आहे, आपल्या डीकेपेक्षा एक पायरी जाड. तिच्यात १० सेंमीत १८ ते २० टाके येतात, डीकेमध्ये २२. दुकानात वर्स्टेड म्हणून मागितलंत तर कदाचित मिळणार नाही, ज्या गुंड्याच्या लेबलवर ५ मिमी सुई आणि १८ टाके असं चित्र असेल तो मागा. तोही नाही मिळाला तर फोर प्लायचे दोन धागे एकत्र धरून त्या जाडीच्या जवळ जाता येतं, पण आधी तुकडा विणून बघायलाच हवा. आणि प्लाय या आकड्यावर फार विसंबू नका. प्लाय म्हणजे किती पदर एकत्र पिळलेत ते. पदरच जाड असतील तर दोन पदरी धागासुद्धा चार पदरीहून जाड असतो.

केबलसाठी पीळ बघा. गुंड्याचं टोक हातात घेऊन उलटं फिरवा, पदर सुटे होतील, ते मोजा. तीन किंवा जास्त पदरांचा, गोल दिसणारा धागा असेल तर वेणी उठून दिसते. दोन पदरी धागा चपटा बसतो, तो जाळीच्या नक्षीला चांगला. एकच पदर असलेल्या, पीळ नसल्यासारख्या मऊ धाग्याला काखेत आणि कडेला लवकर गोळे येतात. रंग फिका किंवा मध्यम घ्या. काळ्या आणि गडद निळ्यात तुम्ही कितीही सुंदर वेणी घातलीत तरी दिसत नाही, आणि रंग बदलत जाणाऱ्या लोकरीत तर नक्षी हरवूनच जाते. मुलगा काळाच मागत असेल तर त्याला साधा स्वेटर विणा आणि केबल आपल्यासाठी ठेवा.

तो होस्टेलवर आहे, कपडे मशीनमध्ये टाकणार, मग बहुधा इस्त्रीवाल्याकडे देणार. मशीन म्हटलं की सुपरवॉश लोकर किंवा चांगलं ॲक्रिलिक. ॲक्रिलिक घेतलंत तर त्याला निक्षून सांगा, या स्वेटरवर इस्त्री फिरवायची नाही. गरम इस्त्रीने ॲक्रिलिकचा धागा एकदा मेला की वेण्या चपट्या होतात, कपडा लोंबतो आणि तो कशानेच परत येत नाही. पुण्याच्या थंडीला ॲक्रिलिक पुरेसं आहे, त्यामुळे खर्च वाचवायचा असेल तर तो इथे वाचवा आणि दाजींच्या लोकरीला लावा.

किती लोकर घ्यायची याचा हिशेब ग्रॅममध्ये करू नका, मीटरमध्ये करा. सूत घन असतं, म्हणून त्याच जाडीचं १०० ग्रॅम सूत लांबीला ॲक्रिलिकपेक्षा कमी भरतं. समजा तुमच्या पॅटर्नला १३०० यार्ड लागतात. एक यार्ड म्हणजे ०.९१ मीटर, तर ते होतात सुमारे ११९० मीटर. केबल धागा खाते आणि उसवाउसवी होतेच, म्हणून दहा टक्के वाढवा, १३०० मीटर धरा. गुंड्यावर १०० ग्रॅम २०० मीटर लिहिलं असेल तर सात गुंडे. तोच स्वेटर १०० ग्रॅमला १७० मीटर असलेल्या सुतात विणला तर आठ गुंडे लागतील आणि तो अंगावर तेवढाच जड होईल. पॅटर्न नसेल तर डीकेमध्ये अंदाज असा ठेवा: तान्ह्याच्या अंगड्याला दीडशे ग्रॅमच्या आत, पुरुषाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला सहाशे ते सातशे.

सगळे गुंडे एकाच वेळी, एकाच लॉट नंबरचे घ्या. लेबलवर शेड नंबरच्या शेजारी लॉट नंबर असतो, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या धाग्याचा नंबर. शेड तीच असली तरी लॉट बदलला की रंगात किंचित फरक पडतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही, अंगणात उन्हात दिसतो. दोन लॉट घ्यावेच लागले तर मधला भाग विणताना दोन ओळी एकाच्या, दोन ओळी दुसऱ्याच्या अशा चालवा, म्हणजे फरक मिसळून जातो. दिवाळीनंतर मागणी वाढते आणि हवे ते लॉट पूर्ण मिळत नाहीत, तेव्हा नवरात्रातच घेऊन ठेवा. दुकानदार ओळखीचा असेल तर न उघडलेला गुंडा परत घेईल का ते आधी विचारा आणि एक जास्तीचा घ्या.

तुकडा विणून बघायचा कंटाळा करू नका ताई. १५ सेंमी लांब-रुंद तुकडा विणा, तो जसा पुढे धुतला जाणार तसाच धुवा, वाळवा आणि मग मधल्या १० सेंमीत टाके मोजा. मुलाची छाती ९६ असेल आणि स्वेटर सैल म्हणून १०६ सेंमीचा हवा असेल, तर १८ टाक्यांच्या हिशेबाने १९१ टाके होतात. तुमच्या हाताला १८ ऐवजी २० येत असतील तर त्याच १९१ टाक्यांचा घेर साडेपंच्याण्णव सेंमी भरेल. दोन टाक्यांच्या फरकाने स्वेटर त्याला घालताच येणार नाही. जास्त टाके आले तर जाड सुई, कमी आले तर बारीक सुई, आणि परत तुकडा. धुतल्यावर तुकडा खरखरीत झाला, लांबला, त्यावर गोळे आले तर तो धागा त्या कपड्यासाठी नाही हे शंभर रुपयांत कळलं असं समजा.

धुण्याबद्दल एवढंच. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात वडीच्या साबणाचा थर लोकरीवर बसतो आणि ती राठ लागते, म्हणून लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण थोडासा घ्या, शक्य असेल तर नळाचं पाणी वापरा. लोकर ओली असताना अशक्त होते, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि खाटेवर सावलीत पसरून वाळवा. सुतळीच्या विणीतून खालूनही वारा लागतो, त्याहून चांगली सोय नाही. दोरीवर टांगाल तर स्वेटर गुडघ्यापर्यंत येईल. मार्चमध्ये ठेवणीत टाकताना धुऊनच टाका, कसर आधी घामाच्या आणि जेवणाच्या डागाला लागते.

राहिली तुमची गुलाबी लोकर. ती कशाची आहे ते पाच मिनिटांत कळेल. बोटभर धागा तोडून चिमट्यात धरा, अंगणात पाण्याची बादली शेजारी ठेवा आणि टोकाला काडी लावा. जळलेल्या केसांसारखा वास आला, आग आपोआप विझली आणि राख बोटांत चुरली गेली तर ती मेंढीची लोकर. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ करडी राख असेल तर सूत. धागा वितळत आखडला, उग्र वास आला आणि टोकाला काळा कडक मणी तयार झाला, जो थंड झाल्यावरही चुरत नाही, तर ॲक्रिलिक किंवा तसलाच कृत्रिम धागा. मिश्रण असेल तर दोन्ही खुणा दिसतात. मणी गार होईपर्यंत हात लावू नका.

आठवडे बाजारातली मऊ लोकर म्हणजे बहुतेक तो काळा मणीच निघेल असं माझं मत आहे. तसं झालं तर ती बाळाला वापरू नका, कितीही मऊ आहे म्हटलं तरी. त्याऐवजी त्यातला एक गुंडा घेऊन मुलाच्या स्वेटरच्या वेण्यांचा सराव करा, म्हणजे खऱ्या लोकरीवर उसवायची वेळ येणार नाही. उरलेल्यातून लेकीसाठी शाल होईल. एक किलोत मोठी शाल होऊन वर धागा शिल्लक राहतो. पुढच्या हिवाळ्यात ती सासरी असेल तेव्हा गाडीवर बसताना, ओट्यावर उठता-बसता तिला उपयोगी पडेल. शेगडीची खोली सोडून कुठेही वापर म्हणावं. लॉट नंबर नाही, तेव्हा सगळ्या लच्छ्या उन्हात शेजारी शेजारी ठेवून रंग जुळतो का ते आधी बघा. फरक दिसला तर पट्ट्यांची शाल करा, गडद लच्छ्या कडेला आणि फिक्या मधे.